काळजाला शेजार लागतो

मागच्या अंकात यकृतदानाविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना ‘उरलेलं यकृत काही आठवड्यांत भरून येतं’ असं एक वाक्य लिहून गेलो. त्या वाक्यानं पत्रांचा गठ्ठाच आणला. त्यातली सहा पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरणारी निघाली, म्हणून या खेपेस सदरात एकच विषय : शरीराबाहेर काढलेल्या यकृताच्या पेशी कामाच्या कशा ठेवायच्या?

शीर्षकाचं आधीच सांगून टाकतो. बोलताना आपण काळीज म्हणतो ते हृदयाला; पण मटणवाल्याकडे कलेजी मागितली, तर तो यकृतच तोलून देतो. या सदरापुरतं त्याचंच बरोबर.

प्रश्न १ : माझ्या जावेनं तीन वर्षांपूर्वी आपल्या मुलाला यकृताचा अर्ध्याहून मोठा भाग दिला. दोन-तीन महिन्यांत भरून येईल असं डॉक्टर म्हणाले होते आणि तसंच झालं. माझी भाची मात्र सांगते, की प्रयोगशाळेत यकृताच्या पेशी आठवडाभरसुद्धा धड टिकत नाहीत. पोटात कापलं तरी वाढणारं यकृत बशीत का हरतं? दोघींचं खरं कसं असेल?
– एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : दोघींचं खरं आहे. एवढंच नव्हे, तर भाची सांगते ते बऱ्याच अंशी जावेच्या अनुभवामुळेच खरं आहे. कसं ते पाहू.

१९३१ मध्ये अमेरिकेत हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी उंदरांच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढून टाकला. आठ-दहा दिवसांत उरलेल्या भागाचं वजन जवळपास पूर्वीइतकं झालं. तो प्रयोग आजही त्याच पद्धतीनं केला जातो. पालीची शेपटी तुटते तिथूनच पुन्हा फुटते. यकृताचं तसं नाही. कापलेला खंड परत येत नाही, राहिलेले खंड वाढून भरपाई करतात. तुमच्या जाऊबाईंचं यकृत आज पुरेसं आहे, पण त्याचा आकार पूर्वीचा नाही.

या वाढीच्या काळात यकृताचं काम मात्र थांबत नाही. रक्तातलं अल्ब्युमिन बनवणं, अमोनियाचा युरिया करणं, पित्त तयार करणं, औषधं आणि विषं मोडून काढणं, हे सगळं चालूच राहतं. पेशी वाढतातही आणि राबतातही. हे जमतं, कारण घरातली अर्धी माणसं गेली तरी घर तेच असतं. रक्ताच्या वाहिन्या जागेवर असतात, पित्ताच्या नळ्या जागेवर असतात, शेजारच्या पेशी शेजारीच असतात.

आता बशीतलं पाहू. यकृताच्या पेशी अखंड, जिवंत सुट्या करण्याची खात्रीची रीत १९६९ मध्ये बेरी आणि फ्रेंड यांनी प्रसिद्ध केली. पुढे ती दोन पायऱ्यांची झाली. आधी कॅल्शियम नसलेलं कोमट द्रावण यकृताच्या रक्तवाहिन्यांतून सोडायचं. पेशींनी एकमेकींचे धरलेले हात कॅल्शियमवर अवलंबून असतात. ते गेलं की पकड सैल होते. मग कोलॅजिनेज हे विकर सोडायचं. पेशींना जागेवर धरून ठेवणारी कोलॅजेनची जाळी ते विरघळवतं. घट्ट यकृत लगद्यासारखं मऊ पडतं, आणि हलकेच विंचरलं की कोट्यवधी पेशी सुट्या होऊन द्रवात उतरतात. काम नीट झालं असेल, तर त्यातल्या बहुतेक जिवंत असतात.

या पेशी कोलॅजेनचा हात दिलेल्या बशीत ओतल्या की काही तासांत तळाला चिकटतात. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसतात : बहुकोनी, भरदार, काही तर दोन-दोन केंद्रकं असलेल्या. पण कामाची मोजणी सुरू केली की घसरण दिसते. औषधं मोडणारी सायटोक्रोम पी-४५० कुळातली विकरं पहिल्या दोन-तीन दिवसांतच झपाट्यानं उतरतात. अल्ब्युमिन कमी होत जातं. आठवड्याभरात पेशी चपट्या होऊन पसरतात आणि कुठल्याही जोडऊतीतल्या पेशीसारख्या दिसू लागतात. त्या मेलेल्या नसतात. यकृत असणं तेवढं विसरलेल्या असतात.

का विसरतात? इथे जाऊबाई आणि भाची एकत्र येतात. पेशीला ‘मला बशीत ठेवलंय’ हे कळत नाही. हात सुटले, जाळी गेली, रक्त थांबलं, याचा अर्थ तिच्या लेखी एकच : यकृताला मोठी जखम झाली आहे. मग एरवी जखमेनंतर करायची तीच तयारी ती सुरू करते. विश्रांती सोडून विभाजनाच्या दिशेनं निघते आणि खास कामं बाजूला टाकते. पोटात अशा वेळी शेजारच्या पेशी वाढीचे निरोप देतात, आणि पुरेसं झालं की थांबण्याचेही देतात. बशीत दोन्ही निरोप येत नाहीत. त्यामुळे पेशी धड दुभंगतही नाही आणि धड कामही करत नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

प्रश्न २ : आमच्या भागात टिश्यू कल्चरच्या जी-नाइन केळीशिवाय आता बाग दिसत नाही. एका कंदाच्या कोंबापासून बाटलीत हजारो रोपं करतात. केळीला जमतं ते काळजाला का जमत नाही?
– एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण यात मेख बरोबर सापडते. बाटलीत तुम्ही केळीकडे जे मागता, त्याच्या नेमकं उलट आम्ही यकृताकडे मागतो.

रोपं करताना कोंबाचा अगदी टोकाचा, वाढता भाग घेतात. तिथल्या पेशींनी अजून काम निवडलेलं नसतं. पान व्हायचं की खोड, काहीच ठरलेलं नसतं. वाढणं हाच त्यांचा धर्म. सायटोकायनिन जास्त दिलं की फुटवे, ऑक्सिन दिलं की मुळं. तुलना बरोबरीची करायची, तर असं म्हणावं लागेल : पूर्ण वाढलेल्या पानातली एकेक पेशी सुटी करा, बाटलीत घाला, आणि तिनं महिनाभर पानाचंच काम तितक्याच जोमानं करावं अशी अपेक्षा धरा. अनेक झाडांच्या पानांचे तुकडे संप्रेरकांवर ठेवले, तर त्यांचा बिनआकाराचा गोळा होतो. त्याला कॅलस म्हणतात. पानाच्या पेशी पान असणं विसरल्या की असा गोळा होतो, आणि पुढे त्यातून अख्खं रोप काढता येतं. म्हणजे तुमच्या बाटलीत विसरणं हा गुण, आमच्या बशीत तोच दोष.

‘मग सतत वाढणाऱ्याच यकृतपेशी घ्या की’ असं कोणीही म्हणेल. तसं केलेलंही आहे. हेप-जी-२ हा पेशींचा वाण १९७९ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेतून जगापुढे आला. अर्जेंटिनातल्या एका १५ वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीपासून तो केलेला आहे. मुलाच्या गाठीतल्या त्या पेशींची संतती आजही जगभर वाढते आहे. पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे; देशभरच्या प्रयोगशाळा तिथून पेशींचे वाण मागवतात, त्यांत हाही असतो. वाढवायला सोपा, गोठवायला सोपा, स्वस्त. पण अखंड वाढीची किंमत त्यानं कामातून चुकवलेली आहे. औषधं मोडणारी बरीचशी विकरं त्यात नावापुरतीच आहेत.

फ्रान्समध्ये सापडलेला हेपा-आर-जी हा वाण जास्त गुणी आहे, पण त्याचं वेळापत्रक पाहा. दोन आठवडे पेशी वाढू द्यायच्या, मग पुढचे दोन आठवडे डीएमएसओ या द्रावकाच्या सुमारे दोन टक्के मात्रेत ठेवून त्यांना यकृतपणावर आणायचं. पंधरवडा वाढण्याचा, पंधरवडा शिकण्याचा. वाढ आणि काम एका वेळी पुरती साधत नाहीत, हेच इथे पुन्हा दिसतं.

प्रश्न ३ : आम्हाला प्रात्यक्षिकात सांगितलं, की ताज्या यकृतपेशी ४८ तासांच्या आत वापरून मोकळं व्हा. पण परदेशातल्या शोधनिबंधांत चार-चार, सहा-सहा आठवडे पेशी काम करताना दाखवतात. ते नेमकं काय वेगळं करतात?
– औषधनिर्माणशास्त्राची एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : वेगवेगळ्या गटांनी वेगवेगळ्या बाजूंनी एकच काम केलं आहे. पेशीचं मोडलेलं घर त्यांनी तिच्याभोवती थोडं थोडं पुन्हा उभं केलं. कोणी जमीन आणि छत दिलं, कोणी शेजारी दिले, कोणी आकार परत दिला, कोणी निरोपच बदलले.

जमीन आणि छताची गोष्ट सर्वांत सोपी. साध्या बशीत पेशीच्या खाली कोलॅजेन असतं, वर नुसता द्रव. यकृतात मात्र पेशींच्या पट्ट्या असतात आणि पट्टीच्या दोन्ही अंगांनी रक्त वाहतं. म्हणजे पेशीला दोन्ही बाजूंनी आधार असतो आणि पित्ताची बारीक नळी दोन पेशींच्या मध्ये तयार होते. बॉस्टनमध्ये जेम्स डन, मार्टिन यार्मुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये उंदराच्या पेशींवर कोलॅजेनचा दुसरा थर ओतला. सँडविचच म्हणा. एका थरावरच्या पेशी आठवड्यात ढेपाळल्या. दोन थरांमधल्या पेशी सहा आठवडे अल्ब्युमिन देत राहिल्या. त्याहून नवलाची गोष्ट पुढे दिसली. एका थरावर आठवडाभर राहून काम सोडून दिलेल्या पेशींवर उशिरानं छत घातलं, तरी त्यांचं काम पुन्हा सुरू झालं. विसरणं म्हणजे कायमचं पुसलं जाणं नव्हे, हे त्यातून कळलं. त्यात तळाच्या कठीणपणाचाही वाटा आहे. बशीचं प्लॅस्टिक यकृतापेक्षा लाखो पटींनी कडक असतं. कडक तळावर पेशी पसरते, चपटी होते, आणि चपट्या पेशीला यकृतपण सांभाळणं अवघड जातं.

शेजाऱ्यांची गोष्ट जास्त सुरस आहे. यकृताच्या वजनाचा बहुतांश भाग मुख्य पेशींचाच असला, तरी त्यांच्या सोबतीला रक्तवाहिन्यांना अस्तर देणाऱ्या पेशी, जंतू गिळणाऱ्या कुफर पेशी, जीवनसत्त्व अ साठवणाऱ्या तारकाकृती पेशी असा मोठा गोतावळा असतो. फ्रान्समधल्या क्रिस्तियान ग्युगेन-गियूझो यांनी १९८३ मध्ये उंदराच्या यकृतपेशींबरोबर यकृतातल्याच दुसऱ्या जातीच्या पेशी वाढवल्या, आणि एरवी काही दिवसांत आटणारं अल्ब्युमिन कित्येक आठवडे चालू राहिलं.

पुढचं पाऊल संगीता भाटिया यांचं. भारतातून अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांच्या या कन्येचं शिक्षण अभियांत्रिकी आणि वैद्यक या दोन्हींतलं. संगणकाच्या चिपवर रेषा कोरण्याचं तंत्र त्यांनी बशीच्या तळाशी वापरलं. कोलॅजेनचे अर्ध्या मिलिमीटरचे गोल ठिपके काढले, त्या ठिपक्यांवर माणसाच्या यकृतपेशी बसवल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत उंदराच्या भ्रूणातल्या जोडऊतीच्या पेशी सोडल्या. समुद्रातली बेटं जशी. सलमान खेतानी आणि भाटिया यांनी २००८ मध्ये दाखवलं, की अशा मांडणीत माणसाच्या पेशी चार ते सहा आठवडे काम करत राहतात. ठिपक्याचा आकार बदलला की काम बदलतं. नुसता शेजार असून भागत नाही, किती घरचे आणि किती शेजारचे याचंही प्रमाण असतं.

त्याच प्रयोगशाळेत इलियट हुई यांनी २००७ मध्ये एक मजेशीर उपकरण केलं. सिलिकॉनचे दोन कंगवे, दात एकमेकांत बसणारे. एका कंगव्यावर यकृतपेशी, दुसऱ्यावर शेजारी. दात जवळ सरकवले की दोघे एकमेकांना टेकतात. किंचित मागे घेतले की मध्ये केसाएवढी फट राहते. त्यातून कळलं, की सुरुवातीला सुमारे १८ तास प्रत्यक्ष स्पर्श लागतो. त्यानंतर अंगाला अंग लागायला हवं असं नाही. पण शेजारी अर्ध्या मिलिमीटरच्या आतच हवा. त्याच्याकडून द्रवातून येणारा निरोप त्यापलीकडे पोचत नाही. शेजारधर्माचं अंतर कुणी कंगव्यानं मोजलं असेल असं वाटलं नव्हतं!

तिसरी वाट आकाराची. पेशींना तळाला चिकटूच दिलं नाही, तर त्या एकमेकींना चिकटतात आणि त्यांचा बारीक गोळा होतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटानं २०१६ मध्ये मानवी पेशींचे असे गोळे पाच आठवडे कामाचे राहतात हे दाखवलं. गोळा मोठा करण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. यकृतपेशी प्राणवायूच्या बाबतीत खादाड असतात. गोळा वाढला की मधल्या पेशींपर्यंत तो पोचत नाही आणि गाभा मरतो. हीच अडचण साध्या बशीतही आहे. वर द्रव जास्त ओतला की पेशींचा श्वास कोंडतो. यावर उपाय म्हणून बोटाएवढ्या चिपमध्ये पेशी ठेवून त्यांच्या कडेनं द्रव सतत वाहता ठेवतात.

चौथी वाट निरोप बदलण्याची. डेक्सामेथासोन आणि इन्शुलिन थोड्या मात्रेत आणि रक्तद्रव कमीत कमी, हे तुमच्या प्रात्यक्षिकातही असेल. २०१९ मध्ये बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातल्या हाँगक्वेई डेंग यांच्या गटानं पाच लहान रेणूंचं मिश्रण केलं. त्यातले चार रेणू पेशीला बदलायला लावणारे चार निरोप अडवतात, पाचवा पेशीच्या आतला एक संदेशवाहक वाढवतो. शेजारी नाहीत, छत नाही. तरी मानवी पेशी महिन्याहून अधिक काळ यकृतासारख्या राहिल्या. चोर शिरण्याचे रस्ते बंद केले, तर पहारा थोडा कमी असला तरी चालतो.

तुमच्या ४८ तासांच्या नियमाबद्दल. तो साध्या बशीसाठी अगदी बरोबर आहे. एका दिवसात आटोपणारा प्रयोग असेल, तर एवढा संसार थाटण्याची गरज नाही.

प्रश्न ४ : एवढा खटाटोप कशासाठी? औषध बाजारात येण्याआधी उंदरांवर, कुत्र्यांवर तपासतातच ना?
– एक निवृत्त गृहस्थ, दादर

उत्तर : तपासतात. पण १९९३ सालची एक घटना ऐका. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिपॅटायटिस बी झालेल्या १५ रुग्णांना फिआल्युरिडीन नावाचं नवं औषध दिलं जात होतं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत त्यानं यकृताला असा धोका दाखवलेला नव्हता. पहिले काही आठवडे रुग्णही ठीक होते, विषाणू कमी होत होता. तिसरा महिना लागला आणि एकेकाचं यकृत कोसळू लागलं. औषध तातडीनं थांबवलं, तरी उपयोग झाला नाही. सात जणांचं यकृत निकामी झालं, त्यातले पाच दगावले. दोघे यकृत प्रत्यारोपणामुळे वाचले.

कारण पुढे उलगडलं. पेशीतली ऊर्जाकेंद्रं म्हणजे मायटोकाँड्रिया. त्यांचा स्वतःचा थोडा डीएनए असतो. हे औषध त्या डीएनएत मिसळून ती केंद्रं हळूहळू बंद पाडत होतं. औषध मायटोकाँड्रियाच्या आत नेणारं एक दार माणसात आहे. उंदराच्या मायटोकाँड्रियावर ते नाही. म्हणजे उंदीर तरला आणि माणूस फसला. आणि हे विष सावकाश चढणारं असल्यामुळे दोन दिवस टिकणाऱ्या पेशींनाही ते कळलं नसतं. महिनाभर कामाच्या राहणाऱ्या मानवी पेशी हाती आल्यावर या औषधाची पुन्हा चाचणी झाली आणि विष दिसलं. दुर्घटनेनंतर कित्येक वर्षांनी, पण दिसलं.

दुसरं कारण रोगजंतूंचं. हिपॅटायटिस बीचा विषाणू पेशीत शिरतो तो पित्तक्षार आत घेणाऱ्या एका प्रथिनाच्या दारातून; हे २०१२ मध्ये सापडलं. बशीत विसराळू झालेली पेशी हे दारही काढून टाकते, मग विषाणूलाही ती यकृत म्हणून ओळखू येत नाही. मलेरियाचं तसंच. मुंबईकरांना व्हायवॅक्स मलेरियानंतरच्या प्रायमाक्वीनच्या १४ दिवसांच्या गोळ्या ठाऊक असतात. त्या गोळ्या असतात यकृतपेशींत दडून झोपलेल्या परजीवींसाठी. हेच आठवड्यांनी, महिन्यांनी जागे होऊन ताप उलटवतात. त्यांच्यावर नवं औषध शोधायचं, तर ज्या पेशीत ते झोपतात तीच काही आठवडे जागी राहायला हवी. भाटिया यांच्या गटानं २०१३ मध्ये आपल्या बेटांवर मलेरियाच्या दोन्ही प्रमुख जाती वाढवून दाखवल्या.

कायदाही आता वळतो आहे. प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती अमेरिकेनं डिसेंबर २०२२ मध्ये कायद्यातून काढली. भारतानंही २०२३ मध्ये औषधचाचणीचे नियम बदलून मानवी पेशी, चिप अशा पर्यायी पद्धतींना वाव दिला. २०२२ मध्येच बॉस्टनच्या एका कंपनीनं ८७० यकृतचिपांवर २७ औषधं तपासून निकाल मांडला : यकृताला घातक असलेल्यांपैकी ८७ टक्के पकडली गेली आणि निर्दोष असलेल्या एकावरही खोटा आळ आला नाही. उंदीर लगेच सुटणार नाहीत, पण साक्षीला माणसाची पेशीही आता उभी आहे.

प्रश्न ५ : बशीतल्या पेशी जोडून जोडून पूर्ण यकृत बनवता येईल का? म्हणजे कोणालाच कापावं लागणार नाही.
– इयत्ता आठवीतला एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : तुझा विचार चांगला आहे, आणि तो करणारी मोठी माणसंही पुष्कळ आहेत. आधी हिशेब करू. एक ग्रॅम यकृतात साधारण दहा कोटी मुख्य पेशी असतात. मोठ्या माणसाचं यकृत सव्वा ते दीड किलोचं. गुणाकार वहीत करून पाहा. शून्यं नीट मोज.

पेशींची संख्या हा अवघड भाग आहेच, पण त्याहून अवघड आहे नळकाम. प्रत्येक पेशीला एका बाजूनं रक्त मिळायला हवं, दुसरीकडून पित्त निघून जायला हवं, आणि ही दोन्ही पाणी एकमेकांत मिसळता कामा नयेत. जपानमध्ये योकोहामाला ताकानोरी ताकेबे यांच्या गटानं २०१३ मध्ये तीन जातींच्या पेशी एकत्र ठेवल्या. त्यांनी आपोआप एकत्र येऊन गोळा केला, यकृताचा कोंबच जणू. तो उंदरात बसवल्यावर दोनेक दिवसांत त्याच्या रक्तवाहिन्या उंदराच्या रक्तवाहिन्यांना जोडल्या गेल्या. पण कोंब म्हणजे झाड नव्हे. त्यातल्या यकृतपेशी त्वचेसारख्या साध्या पेशी ‘उलट्या वाढवून’ बनवलेल्या मूळपेशींपासून केलेल्या होत्या. अशा पेशी बहुतेकदा जन्माआधीच्या बाळाच्या यकृतासारख्या वागतात, मोठ्यांचं काम त्यांना पुरतं येत नाही. म्हणून आजच्या घडीला यकृत मिळतं ते कुणीतरी दिल्यावरच. तू मोठा होशील तेव्हा कदाचित उत्तर बदललेलं असेल, आणि ते कदाचित तूच बदललेलं असेल.

प्रश्न ६ : माझे मोठे बंधू एका ‘लिव्हर टॉनिक’च्या गोळ्या घेतात. पाकिटावर लिहिलंय, ‘प्रयोगशाळेत यकृतपेशींवर तपासलेले, पूर्ण सुरक्षित’. यावर विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : वरची पाच उत्तरं वाचल्यावर पाकिटावरची ती ओळ तुम्हाला आता वेगळी वाटेल.

आपल्या सगळ्यांच्या घरात असणाऱ्या पॅरासिटॅमॉलचं उदाहरण घ्या. योग्य मात्रेत ते निर्धोक आहे. मात्रा फार वाढली की यकृताला मारतं, पण थेट नाही. यकृतातली सायटोक्रोम विकरं त्याच्या काही भागाचं रूपांतर एका विषारी रेणूत करतात. थोडं विष असेल तर पेशीतलं ग्लुटाथायोन ते झेलतं. ग्लुटाथायोन संपलं की पेशी मरते. आता ही विकरं नसलेल्या, विसराळू पेशीवर पॅरासिटॅमॉल घाला. तिला विष बनवताच येत नाही, म्हणून ती बरीच धडधाकट राहते आणि अहवालात ‘सुरक्षित’ लिहिलं जातं. झोपलेल्या राखणदाराला विचारलं, तर चोर आलाच नव्हता असंच तो सांगणार.

म्हणून असा दावा दिसला की तीन गोष्टी विचारायच्या. पेशी कोणत्या : माणसाच्या यकृतातून घेतलेल्या की गाठीपासून वाढवलेला वाण? चाचणी किती दिवस : चोवीस तास की महिनाभर? बंधू गोळी महिनोन्‌महिने घेतात, पेशीला ती एक दिवस देऊन काय कळणार? आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची : चाचणीच्या दिवशी त्या पेशी अल्ब्युमिन, युरिया, विकरं बनवत होत्या हे मोजलं होतं का? यकृत असणं त्यांना त्या दिवशी आठवत तरी होतं का? पाकिटावर या तिन्हींची उत्तरं सापडणार नाहीत. ‘नैसर्गिक’ हा शब्द मात्र मोठ्या अक्षरांत सापडेल. तो यापैकी एकाचंही उत्तर नाही.

बंधूंच्या डॉक्टरांना या गोळ्यांचं नाव सांगितलेलं नसेल, तर आधी ते सांगा. आणि डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली किंवा जेवणावरची वासना अचानक उडाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जाताना ते पाकीट बरोबर घ्या.